व्हिस्पर लार्ज-व्ही३ आणि पायअ‍ॅनोट: मुलाखती लिहून काढणारी जोडी

मराठी मुलाखती, बैठका, व्याख्यानं लिहून काढायची असतील आणि रेकॉर्डिंग स्वतःच्या संगणकाबाहेर जाऊ द्यायचं नसेल, तर ओपनएआयचं व्हिस्पर आणि जोडीला पायअ‍ॅनोट हा संच जरूर घ्यावा. दोन्ही खुल्या परवान्याखाली मिळतात आणि एकदा उतरवून घेतले की इंटरनेटशिवाय चालतात. काय बोललं गेलं हे व्हिस्पर लिहितं, कोण कधी बोललं हे पायअ‍ॅनोट सांगतं. एकट्या व्हिस्परकडून वक्त्यांची नावं किंवा क्रमांक मिळतील अशी अपेक्षा ठेवू नये. ते काम त्याला शिकवलेलंच नाही.

एक गोष्ट मात्र पहिल्या दिवसापासून ध्यानात ठेवावी लागते. व्हिस्परला ऐकू आलं नाही, तर ते गप्प राहत नाही. ते काहीतरी लिहितं, आणि जे लिहितं ते व्याकरणशुद्ध, वाचायला गुळगुळीत असतं. खालच्या बहुतेक सूचना या एका स्वभावाला आवर घालण्यासाठी आहेत.

हा स्वभाव नवा आहे. १९५२ साली बेल लॅबमधलं ‘ऑड्री’ हे यंत्र फक्त आकडे ओळखायचं, तेही एका माणसाच्या आवाजाला जुळवून घेतल्यावर. पुढे ध्वनींच्या क्रमाच्या शक्यता मोजणारं हिडन मार्कोव्ह मॉडेल आलं आणि काही दशकं त्याचंच राज्य होतं. ध्वनींचं एक मॉडेल, उच्चारांचा कोश आणि भाषेचं वेगळं मॉडेल असे तीन भाग जुळवून यंत्रणा उभी करावी लागे. २०११ मध्ये आलेल्या काल्डी या साधनसंचावर काम केलेल्यांना हा कोश बनवण्याचं कष्टाचं काम चांगलं आठवत असेल. त्या यंत्रणा चुकायच्या तेव्हा कोशातला जवळचा शब्द द्यायच्या, त्यामुळे चूक विचित्र दिसायची आणि लगेच पकडता यायची. व्हिस्परमध्ये कोश नाही. एकच न्यूरल जाळं आवाज घेतं आणि मजकूर देतं. म्हणून कधी न ऐकलेलं आडनावही ते बरं लिहून जातं, आणि म्हणूनच त्याची चूक नजरेतून सुटते.

कोणती आवृत्ती घ्यावी

सप्टेंबर २०२२ मध्ये व्हिस्पर पहिल्यांदा आलं तेव्हा ते ६,८०,००० तासांच्या आवाजावर शिकवलेलं होतं. त्यातले १,१७,००० तास इंग्रजी सोडून इतर ९६ भाषांचे. ही वाटणी फार असमान होती आणि मराठीच्या वाट्याला त्यातलं अगदीच थोडं आलं. नोव्हेंबर २०२३ मधल्या लार्ज-व्ही३ साठी हा साठा दहा लाख तास मजकुरासह आणि चाळीस लाख तास आधीच्या मॉडेलने स्वतःच लिहून काढलेले, इतका वाढवला गेला. मराठीसाठी हा फरक जाणवतो.

टायनी (३.९ कोटी पॅरामीटर, म्हणजे मॉडेलने शिकून ठरवलेले आकडे), बेस (७.४ कोटी) आणि स्मॉल (२४.४ कोटी) ही मॉडेलं इंग्रजीत कामाची आहेत. मराठीत त्यांच्यावर वेळ घालवू नये, कारण दुरुस्ती करण्यापेक्षा स्वतः टाइप करणं लवकर होतं. मीडियम (७६.९ कोटी) मधलंच राहतं. खरी निवड लार्ज-व्ही३ (१५५ कोटी) आणि २०२४ च्या शरदात आलेलं टर्बो (८०.९ कोटी) यांच्यात आहे. टर्बोमध्ये ऐकणारा अर्धा भाग तसाच ठेवून लिहिणाऱ्या भागाचे ३२ थर कापून ४ केले आहेत. त्यामुळे ते सुमारे आठपट जलद चालतं. कच्चा मसुदा, शोधण्यापुरता मजकूर किंवा विषयसूची हवी असेल तर टर्बो पुरतं. छापायचा मजकूर हवा असेल तर लार्ज-व्ही३ च. टर्बोला भाषांतर शिकवलेलं नाही, त्यामुळे मराठी बोलण्याचा थेट इंग्रजी मजकूर त्याच्याकडे मागू नये.

मूळ पायथन आवृत्तीत लार्जला ग्राफिक्स कार्डवर सुमारे १० जीबी मेमरी लागते, टर्बोला ६ जीबी. पण मूळ आवृत्ती वापरण्याचं फारसं कारण उरलेलं नाही. फास्टर-व्हिस्पर हेच मॉडेल सीट्रान्सलेट२ या इंजिनावर चालवतं, चारपटीपर्यंत वेग देतं आणि मॉडेलचे आकडे ८ बिटांत आकसून घेतले की मेमरीही बरीच कमी खातं. ग्राफिक्स कार्ड नसेल तर व्हिस्पर डॉट सीपीपी साध्या प्रोसेसरवरही चालतं. लांब रेकॉर्डिंग असेल तर रात्री लावून ठेवावं.

आवाज तयार करताना

मॉडेल १६ किलोहर्ट्झचा मोनो आवाज घेतं. एफएफएमपेग या रूपांतराच्या साधनाने आधीच तसं करून घ्यावं, म्हणजे व्हिस्पर आणि पायअ‍ॅनोट दोघांना एकच फाइल मिळते आणि वेळेचे आकडे जुळतात. एका साधनाला मूळ फाइल आणि दुसऱ्याला रूपांतरित फाइल दिली की कधीकधी सुरुवातीला काही मिलीसेकंदांचा फरक पडतो आणि वाक्यातला पहिला शब्द दुसऱ्याच माणसाच्या नावावर जातो.

मोनो करण्याआधी एकदा थांबावं. रेकॉर्डिंग दोन माइकवर झालं असेल आणि डाव्या-उजव्या चॅनेलमध्ये एकेक माणूस असेल, तर ते एकत्र करणं म्हणजे हातचं सोडणं. दोन्ही चॅनेल वेगळे काढून स्वतंत्रपणे लिहून घ्यावेत आणि वेळेप्रमाणे गुंफावेत. वक्ता ओळखण्याचा प्रश्नच मिटतो. एका माइकमध्ये समोरच्याचा आवाज पुसट उमटत असेल, तर त्या ओळी दोनदा येतात. त्या क्षणी ज्या चॅनेलचा आवाज मोठा, ती ओळ ठेवायची.

फोनवरचं ८ किलोहर्ट्झचं रेकॉर्डिंग १६ वर नेलं तरी ४ किलोहर्ट्झच्या वरचा भाग परत येत नाही. स, श, फ यांची ओळख बरीचशी त्या वरच्या भागातच असते, म्हणून फोनच्या रेकॉर्डिंगमध्ये आडनावं आणि अक्षराअक्षराने सांगितलेले शब्द हमखास बिघडतात. ते हातानेच तपासावे लागतात.

गोंगाट कमी करणारं फिल्टर लावण्याचा मोह आवरावा. मॉडेलने गोंगाटासकट भरपूर आवाज ऐकलेला आहे. फिल्टरने खरवडलेला, पाण्याखालून आल्यासारखा आवाज त्याला अनोळखी असतो. अनेकदा मूळ फाइलवर निकाल चांगला येतो. दहा मिनिटांचा तुकडा दोन्ही प्रकारे चालवून पाहावा आणि मगच ठरवावं. मॉडेल बदलून जे हाती लागतं त्यापेक्षा माइक तोंडापासून दीड-दोन फुटांवरून वीतभर अंतरावर आणल्याने जास्त मिळतं, कारण खोलीचा घुमारा नंतर कशानेच नीट निघत नाही.

व्हिस्पर कुठे घसरतं

आवाज ३० सेकंदांच्या खिडक्यांमध्ये कापला जातो. प्रत्येक खिडकीतून २५ मिलीसेकंदांचे तुकडे दर १० मिलीसेकंदांनी घेऊन त्यांचा मेल-स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे कोणत्या क्षणी कोणत्या पट्टीत किती आवाज आहे याचा नकाशा, बनतो. व्ही३ मध्ये त्याच्या १२८ पट्ट्या असतात, आधी ८० होत्या. खिडकीत बोलणं कमी आणि शांतता जास्त असेल तर गडबड सुरू होते. शिकवायला वापरलेला बराच मजकूर इंटरनेटवरच्या उपशीर्षकांसारखा असल्याने शांततेच्या जागी ‘पाहिल्याबद्दल धन्यवाद’ छापाची वाक्यं उगवतात. ही तरी ओळखू येतात. खरी भीती संदर्भाला धरून रचलेल्या वाक्यांची. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सुमारे १ टक्का तुकड्यांत संपूर्ण वाक्यं किंवा वाक्यांश मनचे आढळले, आणि बोलण्यात मोठे विराम असतील तिथे हे प्रमाण वाढतं असंही दिसलं. एक टक्का ऐकायला कमी वाटतो. पण वैद्यकीय नोंदीत किंवा साक्षीत एक मनचं वाक्य पुरेसं आहे.

यावर पहिला उपाय म्हणजे शांतता मॉडेलपर्यंत पोहोचूच न देणं. फास्टर-व्हिस्परमध्ये सिलेरो या साधनाचा, बोलणं ओळखणारा गाळणीचा पर्याय आहे, तो चालू करावा. किमान शांततेची मर्यादा ५०० मिलीसेकंदांच्या आसपास ठेवावी आणि बोलण्याच्या दोन्ही कडांना ३०० ते ४०० मिलीसेकंदांची मोकळी जागा राहू द्यावी. ती कमी केली तर वाक्याच्या शेवटचे ‘आहे’, ‘ना’, ‘का’ कापले जातात. मराठीत तेवढ्याने प्रश्नाचं विधान होतं.

दुसरी घसरण म्हणजे एकच ओळ पुन्हा पुन्हा लिहीत राहणं. याचं कारण असं, की प्रत्येक खिडकीला मागच्या खिडकीचा मजकूर संदर्भ म्हणून दिला जातो. एकदा चूक झाली की तीच पुढे संदर्भ बनते. ‘कंडिशन ऑन प्रीव्हियस टेक्स्ट’ हा पर्याय बंद केला की चक्र तुटतं. त्याची किंमतही आहे: नावांचं लेखन खिडकीगणिक बदलू लागतं, आणि सुरुवातीला ‘इनिशियल प्रॉम्प्ट’मध्ये (मॉडेलला आधी दाखवायच्या मजकुरात) दिलेली नावांची यादी पहिल्या खिडकीनंतर विसरली जाते. फास्टर-व्हिस्परमधल्या ‘हॉटवर्ड्स’ या पर्यायात नावं दिली तर ती प्रत्येक खिडकीला पुरवली जातात. यादी छोटी ठेवावी. संदर्भासाठी जागा २२४ टोकनांच्या (मॉडेल मजकूर ज्या छोट्या तुकड्यांत हाताळतं त्यांच्या) आसपासच असते आणि देवनागरी शब्द रोमन शब्दापेक्षा बरेच जास्त टोकन खातो. दहा-बारा नावं पुरे.

टोकनांच्या याच कारणाने भरभर बोलणाऱ्या माणसाच्या खिडकीतला शेवटचा भाग गळू शकतो, कारण लिहायचीही मर्यादा असते. मजकूर वाक्याच्या मध्येच तुटून पुढचं वाक्य भलतीकडे सुरू झालेलं दिसलं, तर आवाज विरामांवर कापून १५ ते २० सेकंदांचे तुकडे द्यावेत.

मराठी वापरणाऱ्यांनी आणखी एका आकड्याकडे बघायला हवं. पुनरुक्ती पकडण्यासाठी व्हिस्पर मजकूर झिप फाइलसारखा दाबून पाहतं, आणि तो २.४ पटींपेक्षा जास्त दबला तर तो बिघडलेला समजून ‘टेंपरेचर’ (शब्द निवडण्यातला स्वैरपणा) वाढवतं आणि पुन्हा लिहितं. ही मोजणी बाइटांवर होते. देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह तीन बाइटांचं, आणि त्यातला पहिला बाइट सगळीकडे तोच. साहजिकच सरळ, बिनचूक मराठी मजकूरही जास्त दबतो आणि ही रेषा ओलांडू शकतो. मग चांगला निकाल टाकून मॉडेल जास्त स्वैर होऊन पुन्हा लिहायला बसतं, वेळही खातं आणि मजकूरही बिघडवतं. आपल्याकडचा नीट तपासलेला मराठी मजकूर अर्ध्या मिनिटाच्या तुकड्यांत दाबून त्याचं गुणोत्तर बघावं आणि मर्यादा त्याच्या वर न्यावी. लांब तुकड्यांना ३ च्या वरचा आकडा लागला तरी दचकू नये.

भाषा नेहमी हाताने ‘मराठी’ अशी सांगावी. आपोआप ओळखायला सोडलं तर पहिल्या ३० सेकंदांवरून निर्णय होतो. सुरुवातीला संगीत किंवा हिंदीतलं स्वागत असलं, तर पुढचं सगळं मराठी बोलणं हिंदी वळणाने लिहिलं जातं: ‘आहे’च्या जागी ‘है’, आणि ‘ळ’ गायब. इंग्रजी शब्द कधी देवनागरीत, कधी रोमनमध्ये येतात. प्रॉम्प्टमध्ये ‘मीटिंग’, ‘रिपोर्ट’, ‘बजेट’ असे दोन-तीन शब्द देवनागरीत लिहून दिले तर कल त्या बाजूला झुकतो, पण खात्री नाही.

कोण बोललं

वक्ता ओळखण्याचं शास्त्र वेगळ्या वाटेने आलं. २००० च्या सुमाराला गॉसियन मिश्रणांची मॉडेलं, २०११ मध्ये आय-व्हेक्टर, २०१८ मध्ये एक्स-व्हेक्टर. आय-व्हेक्टरपासून मूळ कल्पना तीच राहिली: बोलण्याच्या तुकड्यातून आकड्यांची एक रांग काढायची आणि दोन रांगा किती जवळ आहेत हे मोजायचं. पायअ‍ॅनोट ३.१ आधी १० सेकंदांच्या सरकत्या खिडकीत कोण कधी बोलतंय याचा स्थानिक अंदाज घेतं. एका खिडकीत जास्तीत जास्त तीन वक्ते आणि एका क्षणी दोन, इतकीच त्याची धारणा आहे. मग प्रत्येक तुकड्याची आकड्यांची रांग काढून सारख्या रांगांचे गट करतं. ‘स्पीकर_००’, ‘स्पीकर_०१’ ही नावं म्हणजे हे गट. ती माणसं कोण, हे तुम्हीच ठरवायचं.

पायअ‍ॅनोट उतरवून घेण्यापूर्वी हगिंग फेस या मॉडेलांच्या संकेतस्थळावर अटी मान्य करून प्रवेशाचं टोकन (पासवर्डसारखा संकेत) घ्यावं लागतं. नवखे इथेच अडकतात, कारण मुख्य मॉडेलसोबत आतल्या विभागणीच्या मॉडेलच्या अटीही वेगळ्या मान्य कराव्या लागतात. चालवताना माणसं किती हे माहीत असेल तर आकडा द्यावाच. नक्की माहीत नसेल तर किमान आणि कमाल द्यावं. हा एक आकडा निकालात जेवढा फरक पाडतो तेवढा दुसरा कोणताही पर्याय पाडत नाही. आकडा न देता सोडलं तर एकच माणूस हसताना, आवाज चढवताना किंवा माइकपासून दूर जाताना दुसरा गट होतो आणि सारख्या आवाजाच्या दोन बहिणी एक होतात.

‘हो’, ‘हं’, ‘बरोबर’ यांसारखे एका सेकंदाहून छोटे उद्गार नेहमी चुकीच्या नावावर जाण्याच्या बेतात असतात. एवढ्याशा आवाजातून भरवशाची रांग निघत नाही. त्यातच व्हिस्पर असे हुंकार आणि अडखळणं बरेचदा गाळूनच टाकतं. दोन्हींचे निकाल जोडताना म्हणूनच पायअ‍ॅनोट म्हणतं इथे कोणीतरी बोललं आणि व्हिस्परकडे त्या जागी शब्द नसतो. मुलाखत छापायची असेल तर हे सोयीचंच. संभाषणाचा अभ्यास किंवा साक्ष शब्दशः हवी असेल, तर ही जोडी त्या कामाची नाही आणि कोणत्याही सेटिंगने ती तशी होत नाही.

जोडणी शब्दाच्या पातळीवर करावी, वाक्याच्या नाही. शब्दांच्या वेळा चालू करायच्या आणि प्रत्येक शब्द ज्या वक्त्याच्या पट्ट्यावर सर्वात जास्त वेळ पडतो त्याला द्यायचा. व्हिस्परच्या शब्दांच्या वेळा मॉडेलच्या लक्ष देण्याच्या नकाशावरून अंदाजाने काढलेल्या असतात, कडांना थोड्या सरकलेल्या असू शकतात. म्हणून बोलणारा बदलतो तिथला एखादा शब्द इकडचा तिकडे जातो. विरामचिन्हांचा आधार घेऊन असा एकटा पडलेला शब्द शेजारच्या वाक्याला चिकटवणारा छोटा नियम लिहिला तर हातदुरुस्ती बरीच वाचते. दोघं एकाच वेळी बोलतात तिथे मात्र पायअ‍ॅनोट दोन पट्टे दाखवतं आणि व्हिस्पर बहुधा एकाचंच बोलणं लिहितं. अशा जागांना खूण करून ठेवावी आणि कानांनी ऐकावं.

आवाजावरून माणसाची ओळख पटवून कुलूप उघडण्यासाठी हा संच कोणी वापरू नये. ओळख पटवताना एक उंबरठा ठरवावा लागतो. तो खाली आणला की परका आत येतो, वर नेला की घरचाच बाहेर राहतो. तो उंबरठा आपल्याच माइकवरच्या, आपल्याच लोकांच्या रेकॉर्डिंगवर ठरवलेला नसेल तर त्याला अर्थ नाही. शिवाय यंत्राने नक्कल केलेला आवाज ओळखण्याची कोणतीही सोय इथे नाही.

निकाल मोजताना

दोन सेटिंगपैकी कोणती चांगली हे डोळ्यांनी ठरवू नये. आपल्या कामातलाच अर्धा तास हाताने नीट लिहून काढावा आणि त्यावर शब्दचूक मोजावी: बदललेले, गळलेले आणि जादा शब्द यांची बेरीज भागिले मूळ शब्द. मराठीत हा आकडा फसवतो. मूळ वाक्य ‘उद्या सकाळी साडेनऊ वाजता भेटू’ आणि मॉडेलने ‘साडे नऊ’ असं तोडून लिहिलं, तर एक बदल आणि एक जादा शब्द मिळून पाच शब्दांत दोन चुका होतात, म्हणजे ४० टक्के. ऐकण्यात चूक एकही नाही. सोबत अक्षरचूकही मोजली की खरं चित्र दिसतं.

आणि व्हिस्परसोबत येणारा मजकूर एकसारखा करणारा तयार नियम मराठीवर चालवू नये. तो विरामचिन्हांबरोबर युनिकोडमधली ‘मार्क’ प्रकारची सगळी चिन्हं काढून तिथे मोकळी जागा सोडतो, आणि आपल्या काना, मात्रा, वेलांट्या, अनुस्वार, हलन्त सगळे त्याच प्रकारात येतात. ‘देव’, ‘दिवा’ आणि ‘दावा’ तिन्हींचं ‘द व’ होतं. चूक असून ती बरोबर मोजली जाते, शब्दांची संख्याही फुगते. मराठीच्या चुकीची टक्केवारी कोणी अभिमानाने सांगितली तर आधी हे विचारावं, की मोजण्यापूर्वी मजकुरावर कोणता नियम चालवला होता. आपल्या मोजणीसाठी विरामचिन्हं काढणं, आकडे एकाच लिपीत आणणं आणि युनिकोडचा एकच प्रकार ठेवणं (म्हणजे एकच अक्षर दोन प्रकारे साठवलेलं राहू नये) एवढंच करावं.

वक्त्यांच्या बाजूला मोजायची ती गळलेल्या, जादा आणि चुकीच्या नावावर गेलेल्या सेकंदांची बेरीज, भागिले एकूण बोलणं. दहा मिनिटांच्या बोलण्यात ३० सेकंद गळले, २० जादा आले आणि ४० दुसऱ्याच्या नावावर गेले तर ९० भागिले ६००, म्हणजे १५ टक्के. बेरजेवर थांबू नये, तिन्ही भाग वेगळे बघावेत. गळलेलं जास्त असेल तर आवाज कमी आहे किंवा एकमेकांवर बोलणं फार आहे. नावांची अदलाबदल जास्त असेल तर माणसांचा आकडा तपासावा.

चालू भाषणाची थेट पट्टी दाखवण्यासाठी हा संच घेऊ नये. ३० सेकंदांची खिडकी त्याच्या घडणीतच आहे, आणि ती छोटी करून ओढूनताणून केलेल्या युक्त्यांमध्ये मागचा मजकूर सतत बदलत राहतो. त्या कामासाठी मुळातच प्रवाहावर चालणारं मॉडेल लागतं.